ऐकणाऱ्यांची यादी

छत्रपती संभाजीनगर
रविवार, ९ जून २०२४

मुंजाबामामा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाईप करायला तुम्ही तयार नाही, म्हणून शेवटी गुलमंडीतून कागद-पाकिटं आणली. आई म्हणाली, सगळ्या चुलतभावंडांत मुंजाबाचंच अक्षर बघण्यासारखं, तू लिहिलंस तर तो उत्तर देईल.

मला नोकरी लागून सहा महिने झाले. आमची कंपनी लहान आहे, नऊ माणसं. कारखान्यातल्या मशीनवर नजर ठेवणारे प्रोग्राम आम्ही बनवतो. मला चितेगावच्या एका प्रेसशॉपचं काम मिळालंय, पत्रा दाबून सुटे भाग काढतात तिथं. प्रेसमध्ये पत्रा अडकला की लगेच सगळ्यांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी प्रोग्राम लिहिला, चाललाही. पण दर आठवड्याला ते एक नवी मागणी करतात. आधी भोंगा हवा होता, मग नोंद हवी झाली, आता टूलरूमलाही खबर हवी. दर वेळी मला प्रेसचा सगळा कोड उसकटून पुन्हा शिवावा लागतो आणि कालपर्यंत चालणारं काहीतरी बंद पडतं.

आमचे सीनियर अभय सर म्हणतात, "स्वतःचा इव्हेंट लिही, मग प्रेसला हात लावावा लागणार नाही." मी तीन दिवस वाचतेय. वाक्यं समजतात, पण ते का करायचं ते डोक्यात उतरत नाही.

तुम्ही बावीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काढली, मगच मेंढ्यांसाठी नोकरी सोडून गावी गेलात. म्हणून विचारते. तुमच्याकडे पत्रा अडकला की नेमकं काय व्हायचं? कोण काय करायचं? सविस्तर लिहा. मामींना नमस्कार.

सुकेशनी


बिडकीन
१७ जून

सुकेशनी पोरी,

पोस्टमन पाकीट घेऊन आला तर मंजुळा, तुझी मामी, घाबरली. तिला वाटलं, जमिनीची नोटीस आली. आतून तू निघालीस.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, तू कॉम्प्युटर सोडून लग्नाचे मांडव घालायच्या धंद्यात पडलीस. इथं बिडकीनला इव्हेंटवाले म्हणजे तेच. मंजुळा म्हणाली, परत वाचा. परत वाचलं तेव्हा उमगलं.

तर ऐक. आमच्या शॉपात आठ प्रेस होत्या. पत्रा अडकला की मशीनवरचा माणूस एकच काम करायचा, जागेवरून ओरडायचा. "सात नंबर, पत्रा अडकला!" बस. तो कोणाकडं पळत जायचा नाय. फिटर कुठं बसलाय, टूलरूममध्ये आज कोण आहे, त्याला काय पडलेलं नसायचं. ज्याला त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं की ही हाक ऐकली की तू हे करायचं. फिटर पाना घेऊन निघायचा. टूलरूमवाला दुसरी डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, काढायचा. सुपरवायझर वहीत टाईम मांडायचा. पॅनलपाशी एक जण असायचा, तो मेन स्विच ओढायचा. नवा माणूस आला की त्याला त्याचं काम सांगायचं, मशीनवाल्याला त्याची खबर द्यायची पण गरज नाय. तो आपला ओरडतच राहणार.

अजून एक. नुसतं "अरं अरं" करून उपेग नाय. नंबर आणि काय झालं, दोन्ही ओरडायचं. नायतर सगळे पळतात आणि कुठं जायचं ते कोणालाच माहीत नसतं.

एवढ्यावर तुझं भागलं तर बघ. मेंढ्या बऱ्या आहेत. औंदा कोकरं धडधाकट निघाली.

मुंजाबा


छत्रपती संभाजीनगर
३० जून

मामा,

भागलं. पुरेपूर भागलं. तुमचं पत्र मी ऑफिसमध्ये अभय सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे पुस्तकात असायला हवं होतं.

काय केलं ते सांगते. क्लास म्हणजे शिकवणी नव्हे, एखाद्या वस्तूचा आराखडा. एका डायवरून हव्या तेवढ्या वाट्या निघतात ना, तशा त्याच्यावरून हव्या तेवढ्या वस्तू निघतात. आधी माझ्या 'प्रेस' नावाच्या क्लासमध्ये मी सगळंच कोंबलं होतं. प्रेसच भोंगा वाजवणार, प्रेसच नोंद करणार, प्रेसच टूलरूमला कळवणार. म्हणजे तुमचा मशीनवरचा माणूस हातातलं काम सोडून शॉपभर पळत होता.

आता प्रेस फक्त हाक देते. त्या हाकेला मी 'पत्राअडकला' असं नाव दिलंय, हाच तो इव्हेंट. हाकेबरोबर एक चिठ्ठी जाते, तिच्यात मशीन नंबर, वेळ आणि काय झालं ते. ज्याला ऐकायचंय त्यानं आधी प्रेसच्या यादीत नाव नोंदवायचं. भोंगा नोंदवतो, नोंदवही नोंदवते, टूलरूम नोंदवते. हाक आली की चिठ्ठी वाचून ज्याचं तो काम करतो. प्रेसला ते कोण आहेत हे माहीतही नसतं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा गंमत झाली. घाईत मी एकाचंही नाव नोंदवलं नव्हतं. प्रेसनं हाक दिली, ऐकणारं कुणीच नाही, आणि प्रोग्राम जागच्या जागी आडवा झाला. आता यादीत कुणी आहे का ते प्रेस आधी बघते आणि मगच हाक देते.

पुढच्या महिन्यात चितेगावला जाऊन खऱ्या मशीनवर चाचणी घ्यायची आहे. मला पहिल्यांदाच वाटतंय की हे काम मला येतं.

सुकेशनी


बिडकीन
८ जुलै

सुकेशनी पोरी,

वाचून बरं वाटलं. तुझ्या मामीनं ते पत्र दिवाबत्तीच्या फळीवर ठेवलंय.

एक सुचवतो. तू भोंगा लावलाय, तो ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी. प्रेसपाशी पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचे कान गेलेलेच असतात. तो सांगत नाय. सांगितलं तर ते काम जाईल, ही भीती असते. तो लोकांच्या ओठांकडं बघून मान डोलावतो, आणि सगळ्यांना वाटतं की ऐकतोय.

तेव्हा मोठा लाल दिवा लाव. उंचावर, चारी बाजूंनी दिसंल असा. बाकी काय ते तुझे सर सांगतील, पण दिव्याचं माझं ऐक.

मुंजाबा


छत्रपती संभाजीनगर
२८ जुलै

मामा,

दिवा लावला. प्रेसच्या कोडमधली एकही ओळ बदलावी लागली नाही. दिव्याचा वेगळा क्लास लिहिला, यादीत त्याचं नाव घातलं, झालं. पण पुढचं ऐका.

शुक्रवारी चाचणी होती. चार नंबरच्या प्रेसवर पारूबाई नावाच्या ऑपरेटर होत्या. त्यांना सांगून ठेवलं होतं, दिवा लागला की मशीन थांबवायचं आणि हात लांब ठेवायचा. तासभर सगळं नीट चाललं. मग डायमध्ये पत्रा दुहेरी झाला. प्रेसनं हाक दिली, मी स्क्रीनवर पाहिली. दिवा लागला नाही, भोंगा वाजला नाही. पारूबाई सवयीनं पुढचा तुकडा सरकवत होत्या.

स्टोअर सांभाळणारे एक काका तिथून सामान घेऊन चालले होते. डाव्या हाताला त्यांना तीनच बोटं आहेत. त्यांनी हातातली पेटी टाकली आणि लाल बटण दाबलं. कुणालाच काही झालं नाही. पारूबाईंनी मला पाणी आणून दिलं, खरं तर मी त्यांना द्यायला हवं होतं.

चूक माझी होती. साहेबांच्या मोबाईलवर मेसेज पाठवणारा एक भाग मी यादीत सगळ्यात वर घातला होता. हाक यादीच्या क्रमानं एकेकाकडे जाते. त्या वेळी इंटरनेट बंद होतं, मेसेजवाला तिथंच कोसळला आणि हाक त्याच्यापुढे गेलीच नाही. खाली दिवा आणि भोंगा तयार उभे होते, त्यांना काही कळलंच नाही.

आता मी दिवा पहिला ठेवलाय, आणि प्रत्येकाला शिकवलंय की तुझं काम फसलं तर ते तुझ्यापुरतं आवर, दुसऱ्याची हाक अडवू नको. अभय सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आपला प्रोग्राम खबर देण्यासाठी आहे, जीव वाचवायला मशीनचं लाल बटण वेगळं असतं आणि ते वेगळंच राहिलं पाहिजे.

पण त्या काकांचा हात डोळ्यासमोरून जात नाही. मनाला समजावते, दोष दिव्याचा नव्हता. त्याच्यापर्यंत हाक पोचली नाही, एवढंच.

तुमच्या पत्राची वाट बघते.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
२५ ऑगस्ट

मामा,

महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. माझी चूक वाचून तुम्हाला राग आला असेल तर तसं लिहा, मी ऐकून घेईन. की मेंढ्यांचं काही दुखणं निघालंय? आईनं मामींना फोन केला. मामी म्हणाल्या, तब्येत चांगली आहे, फक्त बोलणं कमी झालंय आणि कागद काढून बसतात, लिहीत नाहीत.

काम छान चाललंय. नव्या प्रोग्रामला महिनाभरात एकदाही अडचण आली नाही. दोन ओळी तरी लिहा.

सुकेशनी


बिडकीन
८ सप्टेंबर

सुकेशनी,

तुझ्यावर राग नाय. चारदा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

तू स्टोअरवाल्याचा हात लिहिलास. तो कचरू आहे. दुसरा कोणी असूच शकत नाय. आमचा चितेगावचा शॉप बंद झाल्यावर तो दुसरीकडं लागला एवढं ऐकून होतो.

मी मेंढ्यांसाठी नोकरी सोडली, असं सगळ्यांना सांगितलं. तुझ्या आईला, मंजुळाला पण. ते खोटं आहे.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की पॅनलपाशी एक जण असायचा आणि तो मेन स्विच ओढायचा. तो मी होतो. दोन हजार तेरा साल. तोवर माझे कान अर्ध्याच्या वर गेले होते आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. कचरू सात नंबरवर होता. आम्ही एका डब्यात जेवायचो. पत्र्याची पट्टी ओढणारे रूळ असतात, त्यात त्याचा हातमोजा गेला. तो ओरडला. अख्ख्या शॉपानं ऐकलं. माझी पाठ होती, मी ऐकलं नाय. फिटर पळत आला आणि त्यानं मला ढकलून स्विच ओढला. मी वळून बघितलं तेव्हा सगळं झालेलं होतं.

मी दवाखान्यात एकदा गेलो, दारातून परत आलो. पुढल्या महिन्यात राजीनामा दिला. अकरा वर्षं झाली. संभाजीनगरला जायचं तर रस्ता चितेगाववरूनच आहे. चितेगाव आलं की मी डोळे मिटून बसतो. मंजुळाला वाटतं, मला डुलकी लागते.

तू लिहिलंस, दिव्याचा दोष नव्हता, त्याच्यापर्यंत हाक पोचली नाय. तुझ्या दिव्याचं ते खरं असंल. मी दिवा नव्हतो. मला माहीत होतं की मला ऐकू येत नाय, तरी मी त्या जागी उभा राहिलो.

हे तुला लिहिलं, आता मंजुळाला वाचून दाखवणार आहे.

मुंजाबा


छत्रपती संभाजीनगर
१५ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. आईला दाखवलेलं नाही. ते तुमचं आहे, तुम्हीच सांगा.

मी काही समजूत घालत बसत नाही. फक्त जे झालं ते लिहिते. गुरुवारी चितेगावला गेले होते. कचरूकाका स्टोअरमध्ये नट-बोल्ट वेगळे करत होते. मी त्यांना एवढंच म्हणाले, बिडकीनचे मुंजाबा माझे मामा. बाकी काही बोलले नाही, शपथ.

त्यांनी हातातले बोल्ट खाली ठेवले. मग विचारलं, तो कसा आहे. मी सांगितलं, मेंढ्या आहेत, तब्येत बरी आहे, कानांनी मात्र अजिबात ऐकू येत नाही. त्यांना ते माहीत नव्हतं मामा. त्यांनी मला दोनदा विचारलं, कधीपासून. मग म्हणाले, मला वाटत होतं तो माझ्यावर रागावून गेला. मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणाले, "ते मी त्यालाच सांगीन, पोरी. तुझ्या हाती नाही पाठवायचं."

त्यांनी पत्ता मागितला. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. कळवा.

सुकेशनी


बिडकीन
६ ऑक्टोबर

सुकेशनी पोरी,

पत्ता द्यायची गरज पडली नाय. मीच गेलो.

तुझं पत्र आल्यावर मंजुळाला सगळं वाचून दाखवलं. तिनं मधे एकदा पण थांबवलं नाय. संपल्यावर उठली, माझा धुतलेला सदरा काढला आणि खाटेवर ठेवला. मंगळवारी पहिली बस धरली. गेटवरच्या माणसाला कागदावर कचरूचं नाव लिहून दाखवलं.

तो आला. केस पांढरे झालेत, चाल तीच आहे. मी ठरवून गेलो होतो की काय बोलायचं. पण आधी त्यानंच माझा दंड धरला आणि मला कडुनिंबाखाली बाकड्यावर बसवलं. माझ्या तोंडासमोर येऊन बसला आणि हळू बोलला, एकेक शब्द. ही रीत त्याला तूच सांगितली असणार. मला सगळं कळलं.

त्या रूळांवर जाळी असायची. त्या दिवशी सकाळी पट्टी सारखी अडकत होती म्हणून ती जाळी त्यानंच काढली होती. हातमोजा घालायला मनाई होती, तो पण घातला होता. चौकशीत तो म्हणाला, जाळी सैल होती, आपोआप पडली. मी पॅनलपाशी असायचो, मला समोरून दिसलं असणार आणि मी साहेबाला सांगीन, अशी त्याला धास्ती होती. मी तोंड न दाखवता नोकरी सोडली, तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की मुंजाबानं आपल्याला खोटं बोलताना ओळखलं आणि आपल्यासाठी गप्प बसला, पण रागावून निघून गेला. अकरा वर्षं तो याच शरमेत होता. मला काय दिसलं नव्हतं ग. मी जाळीकडं बघितलं पण नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. कान गेले होते, मी लपवलं होतं, तू ओरडलास ते मी ऐकलं नाय. त्यानं मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाला,

"बोटं आधी गेली, मुंजाबा. ओरडलो मी नंतर."

आम्ही तिथं शिफ्ट सुटेपर्यंत बसलो. त्याच्या साहेबानं काय म्हटलं नाय. तुझा दिवा पण त्यानं आत नेऊन दाखवला. पारूबाईनं मुद्दाम चाचणीचं बटण दाबलं. लई झकास दिसतो, शॉपाच्या कुठल्याबी कोपऱ्यातून. मी पारूबाईला सांगितलं, ही यादी माझ्या भाचीनं लिहिली.

येताना बसमध्ये मी विचार करत होतो. कचरू म्हणाला ते खरं, की त्यानं माझं मन राखलं? बोटं आधी गेली का नंतर, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाय. फिटर वारला. चितेगाव मागं पडलं तेव्हा मला भान आलं की या वेळी आपण डोळे मिटलेच नव्हते.

आज रविवार. कचरू सकाळीच बायकोला घेऊन इथं आला. बायका आत भाकरी थापत बसल्या, आम्ही दोघं मेंढ्या घेऊन माळावर गेलो. पहिल्यासारखं एका डब्यात जेवलो. माझ्या मनात ते विचारायचं होतं. दोनदा त्याच्याकडं वळलो. दोन्ही वेळेला तो हातवारे करून मला सांगत होता की कुठली मेंढी लंगडते आणि कुठली दुसरीच्या वाट्याला जाते, आणि सगळं चुकीचं सांगत होता. त्याला मेंढ्यांतलं काय बी कळत नाय. मी इतका हसलो की कळप बिचकला.

मी विचारलं नाय. आता विचारणार पण नाय.

पुढल्या रविवारी आम्हाला त्याच्या घरी जेवायला बोलावलंय. तुला आणि तुझ्या आईला पण घेऊन यायला सांगितलंय. तुझ्या आईला मी तिथं सगळं सांगीन. कचरूची बायको वांग्याची भाजी लई तिखट करते, तेवढं ध्यानात ठेवून ये.

मुंजाबा